‘अर्धसत्य’: नव्या प्रेक्षकांसाठी काही टिपणे

• पोलीसपट म्हटला की ज्यांना ‘सिंघम’च आठवतो, त्यांनी १९८३ सालचा ‘अर्धसत्य’ पाहायलाच हवा. दिग्दर्शक गोविंद निहलानी, पटकथा विजय तेंडुलकर, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’. भाषा हिंदी, पण पिंड मुंबईचा आणि मराठी मातीचा.

• सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर (ओम पुरी) पुरावा हाती घेऊन गुंडांचा म्होरक्या रामा शेट्टीला अटक करायला जातो. शेट्टी जागचा हलत नाही, आवाज चढवत नाही; एक फोन लावतो. वेलणकरला हात हलवत परतावं लागतं. गोळी नाही, हाणामारी नाही, तरी अंगावर काटा येतो. सदाशिव अमरापूरकरांना शेट्टीच्या याच भूमिकेने हिंदीत नाव मिळवून दिलं.

• वेलणकरच्या रागाचं मूळ घरात आहे. वडीलही पोलिसातले (अमरीश पुरी). आईवर हात उचलायचे आणि पोरगा मुकाट बघत राहायचा. पुढे त्यांच्याच हट्टापायी त्याने मनाविरुद्ध वर्दी चढवली. तेव्हा गिळलेला राग आता कोठडीतल्या आरोपीवर निघतो. ती मारहाण बघताना टाळी वाजवावीशी वाटत नाही, भीती वाटते. आजच्या पोलीसपटांत मला नेमकं हेच सापडत नाही.

• हॉटेलातला प्रसंग नीट ऐका. मैत्रीण ज्योत्स्नाने (स्मिता पाटील) दिलेल्या पुस्तकातली दिलीप चित्र्यांची कविता वेलणकर सहज म्हणून वाचायला घेतो. वाचता वाचता आवाज जड होत जातो. हे आपल्याबद्दलच लिहिलंय, हे त्याला उमगतं. ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो का, हे एवढ्या एका प्रसंगातून कळतं.

• नसीरुद्दीन शाहांचा माइक लोबो पडद्यावर थोडाच वेळ आहे. निलंबित, दारूत बुडालेला अधिकारी. वेलणकर त्याच्याकडे पाहतो तेव्हा त्याला स्वतःचा उद्या दिसत असतो.

• सुरुवातीला चित्रपट संथ वाटेल. फोन बाजूला ठेवा, अर्धा तास धीर धरा. मग तो सोडत नाही.

• शेवट सांगत नाही. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना सोबत घेऊन बसा आणि संपल्यावर एवढंच विचारा: वेलणकरचं चुकलं कुठे? या प्रश्नावर घरात वाद झाला पाहिजे. वर्दीतल्या माणसाच्या हिंसेबद्दल इतक्या प्रामाणिकपणे बोलणारा दुसरा हिंदी चित्रपट मी पाहिलेला नाही.