शर्यतीच्या बैलाचे म्हातारपण

ज्या दिवशी बैलाच्या मानेवरून शर्यतीच्या छकड्याचे जू शेवटचे उतरते, त्याच दिवशी त्याच्या निरोपाला सुरुवात होते, आणि तो निरोप नीट पार पाडायला कधी कधी सात-आठ वर्षे लागतात. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हे काम विशेष कठीण आहे. शर्यतीसाठी पसंत केला जाणारा खिल्लार बैल मूळचा माणदेशाचा, म्हणजे माण, आटपाडी, सांगोला या कोरड्या मुलखाचा असून, तेथे वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. तोच बैल सह्याद्रीच्या पायथ्याशी, तीन हजार मिलिमीटरहून अधिक पावसात म्हातारा होतो. ज्याला वेगासाठी घाटावरून आणले, त्याचे ओलीपासून रक्षण करणे हे आणणाऱ्याचे देणे आहे.

बैलाचे वय दातांवरून ओळखतात. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन कायमचे दात आलेला तो दुसा आणि चार आलेला तो चौसा. पुढे आठही दात आले की तोंड जुळले असे म्हणतात, आणि त्यानंतर दात झिजत जातात. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी शर्यतींवर बंदी घातली, 16 डिसेंबर 2021 रोजी महाराष्ट्रात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळाचा हिशेब दातांच्या भाषेत मांडला, तर बंदीच्या वेळी चौसा असलेला बैल परवानगीच्या वेळी दहा वर्षांच्या पुढे गेलेला होता, म्हणजे धावण्याच्या तयारीने वाढवलेली एक अख्खी पिढी शर्यतीच्या माळावर न उतरताच म्हातारी झाली. त्यातच गोवंशहत्याबंदीचा कायदा 2015 मध्ये बैलांनाही लागू झाला आणि नांगर पॉवर टिलरकडे गेला, त्यामुळे अशा बैलाला गिऱ्हाईक उरले नाही. तथापि, गिऱ्हाईक नाही म्हणून ठेवलेला बैल आणि आपला म्हणून ठेवलेला बैल यांतला फरक गोठ्यात पाऊल टाकताच दिसतो.

शर्यतीच्या बैलाला धान्याचे पीठ, पेंड आणि दूध असा जड खुराक दिलेला असतो. धावणे थांबल्यावर तो तसाच चालू ठेवला तर अंगावर चरबी चढून सांध्यांवर भार येतो, आणि एकदम तोडला तर पोटातल्या ज्या सूक्ष्मजीवांवर रवंथ करणाऱ्या जनावराचे पचन अवलंबून असते, त्यांची घडी विस्कटते. म्हणून खुराक हळूहळू, काही आठवड्यांत उतरवावा लागतो. पुढे दात झिजले की भाताचा कोरडा पेंढा त्याला चावत नाही. तेव्हा पेंढा बारीक कापून, पाण्यात भिजवून, त्यात कोंडा मिसळून द्यावा, आणि बैल खाताना शेजारी उभे राहावे, कारण अर्धवट चावलेला घास तो गव्हाणीत टाकतो आणि दात संपल्याची पहिली खूण तेथेच सापडते.

खुरांचे काम वेगळे आहे. चालत्या बैलाच्या खुरांना झीज होऊ नये म्हणून पत्र्या, म्हणजे लोखंडी नाल, ठोकतात. प्रत्येक पायाचे खूर दुभंगलेले असल्याने दोन्ही भागांना वेगळी पत्री लागते. बसून असलेल्या बैलाच्या पत्र्या काढाव्यात आणि वाढणारे खूर वेळोवेळी छाटावेत, नाहीतर टाच मागे दबून चाल बिघडते. जून ते सप्टेंबर जमीन सुकत नाही, त्यामुळे गोठ्याला उतार हवा आणि बैलाखाली रोज बदललेला कोरडा पेंढा हवा. सांधेदुखीवर औषध देताना गिधाडांचाही विचार करावा लागतो: मेलेल्या जनावराच्या अंगात उरलेल्या डायक्लोफेनॅकमुळे ती मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात, म्हणून 2006 पासून पशूंसाठी त्यावर बंदी आहे, 2023 मध्ये एसिक्लोफेनॅक व कीटोप्रोफेनवरही आली, आणि मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय आहे. याच रायगडात, म्हसळ्याजवळच्या चिरगावात, गिधाडे टिकावीत म्हणून लोकांनी कष्ट घेतले आहेत.

अखेर एके सकाळी बैल उठत नाही. कुशीवर आडवा पडलेला बैल पोटातला वायू बाहेर टाकू शकत नाही आणि फुगून मरू शकतो, म्हणून त्याला पेंढ्याच्या पेंढ्या लावून छातीवर बसवावे, आणि स्वतःच्याच वजनाखाली मांस मरू नये यासाठी दर काही तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलावी. त्याला चार माणसे लागतात, आणि ज्यांनी त्याला माळावर धरले तेच हात असले तर बैल धडपडत नाही. पशुवैद्यकाने आशा नाही असे सांगितल्यावर जबरदस्तीने उभे करू नये. पाणी तोंडाशी न्यावे, माश्या वाराव्यात, आणि रवंथ थांबला की कोणीतरी जवळ बसावे. एवढेच उरते, आणि ते फार मोठे काम आहे.

पावसात भाताची खाचरे पाण्याखाली असतात, म्हणून मेलेल्या बैलासाठी खड्डा वरकस जमिनीत, म्हणजे उंचावरच्या मुरमाड जागेत, विहिरीपासून दूर आणि पुरुषभर खोल घ्यावा, आणि त्यात चुना व मीठ टाकावे. आता हे काम जेसीबी करतो. मात्र त्याआधी जोडीच्या दुसऱ्या बैलाला तेथे आणून मेलेल्याचा वास घेऊ द्यावा, घाई करू नये. ज्या बाजूला मागे उरलेला बैल वर्षानुवर्षे जुंपला गेला त्याच बाजूचा खुंटा त्याच्याकडे राहू द्यावा, दुसरा काही दिवस मोकळा ठेवावा, आणि एखादी कालवड त्याला दिसेल एवढ्या अंतरावर बांधावी.