केमचं कुंकू आणि काळा दगड

मैत्रिणींनो, केम म्हटलं की आपल्याला आठवतं कुंकू! करमाळा तालुक्यातलं हे गाव मुंबई-सोलापूर लोहमार्गावरच आहे. कुंकू घ्यायला उतरलात, तर इथला काळा दगडही जरा निरखून पाहा हं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा खडक. त्यात गारगोट्या असतात. जीवाश्म मात्र सहसा मिळत नाहीत. उकळत्या रसात शिंपला टिकणार कसा?

पण अधूनमधून लाव्हा थांबे. तळी साचत, गोगलगायी नांदत. मग पुढचा थर त्यांना झाकून टाकी. अशाच मधल्या थरात, नागपूरजवळ टाकळीला, स्टीफन हिस्लॉपला शंख-शिंपले आणि फळं सापडली. हा मिशनरी, भूशास्त्राचा नुसता हौशी! १८६० साली लंडनला त्याचा लेख छापला गेला. त्यात नमुन्यांबरोबर गावांची नावंही आहेत.

तेव्हा मुलांनी सहलीहून चमत्कारिक दगड आणला, तर अडगळ म्हणून फेकू नका. आम्लानं धुऊ नका. गाव, ओढा, तारीख चिठ्ठीवर लिहून डबीत ठेवा. कुठला ते विसरलं, की अभ्यासकाला त्याचा फारसा उपयोग उरत नाही, बरं का!