शून्याची धास्ती

मुलं अमेरिकेत शिकायला निघाली की फी, व्हिसा, थंडीचे कपडे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. तिथली कॉलेजं गुन्ह्यांचे आकडे जाहीर करतात, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

१९८६ साली पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी ही १९ वर्षांची मुलगी वसतिगृहात, स्वतःच्या खोलीत मारली गेली. येण्याजाण्याची दारं उघडी अडकवून ठेवलेली होती. आधीच्या तीन वर्षांत तिथे ३८ हिंसक गुन्हे घडले होते, ते आईवडिलांना नंतर कळलं! ते लढले, १९९० साली कायदा झाला. सरकारी मदत घेणारी कॉलेजं आता दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांचे आकडे देतात.

नातीच्या कॉलेजचे आकडे पाहून सूनबाई धास्तावली. मला धास्ती शून्याची वाटते. ज्या वर्गातून कधीच तक्रार येत नाही, तिथली पोरं गुणी असतातच असं नाही. पुष्कळदा ती घाबरलेली असतात. आकडा म्हणजे कुणीतरी धीर करून सांगितलं आणि कुणीतरी ते लिहून घेतलं.

तेव्हा मंडळी, हजारो मुलांच्या कॉलेजात सगळीकडे शून्य दिसलं, तर जरा विचारपूस करा.