विमान उतरेल, उडवणार कोण?

"चिपीक सुखोय उतरतला काय ओ?" मालवणच्या बाजारात हा प्रश्न मला हमखास येतो. हवाईदलातली माझी बरीच वर्षं मनुष्यबळाच्या आखणीत गेली; कुठल्या तळावर कोणत्या ट्रेडचे किती लोक हवेत, ते ठरवायचं. गावाने मात्र निवृत्तीनंतर मला सगळ्याच विमानांचा जाणकार करून टाकलं आहे. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटरची, ९ ऑक्टोबर २०२१ला विमानतळ सुरू झाला, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. मी उलट विचारतो, "उतरला तर परत उडवतलो कोण?"

लढाऊ विमान जमिनीवर टेकलं की त्याच्याभोवती माणसं गोळा होतात. इंधन, ऑक्सिजन, टायर आणि ब्रेकची तपासणी, मागे उघडलेल्या ब्रेक-पॅराशूटच्या जागी घडी घातलेलं दुसरं, क्षेपणास्त्रं. एअरफ्रेम, इंजिन, इलेक्ट्रिकल, एव्हियॉनिक्स, वेपन असे निरनिराळे ट्रेड, आणि प्रत्येकाने आपापल्या कामाखाली फॉर्म ७००वर सही केल्याशिवाय वैमानिक विमान ताब्यात घेत नाही. याखेरीज अग्निशमन, रडार, हवामान, दवाखाना, स्वयंपाकघर, पहारा.

यातली काही कामं रापणीसारखी असतात. माणसं निम्मी आली म्हणून जाळं निम्मं येत नाही; ते येतच नाही. विमान ट्रॅक्टरने हलवायचं तर कॉकपिटात ब्रेकवर एक, दोन्ही पंखांच्या टोकांना एकेक, ट्रॅक्टरवर एक आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा एक. चौघांत भागवा म्हणणाऱ्याला पंख हँगरच्या दाराला घासल्यावर हिशेब कळतो.

दुसरा हिशेब खुर्चीचा. चोवीस तास, बारा महिने एक जागा भरलेली ठेवायची तर माणसं किती? तीन पाळ्या म्हणून तीन, असं सगळे सांगतात. पण वर्षातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा वजा केली की हातात २२३ दिवस उरतात. आठ तासांनी १,७८४ तास. वर्षाचे तास ८,७६०. भागाकार पाचाजवळ जातो, आणि त्यात कोर्स, आजारपण, परेड अजून धरलेलंच नाही.

त्यात जागाही बघावी लागते. ४ डिसेंबर २०२३ला तारकर्लीच्या किनाऱ्यावर नौदल दिनाची प्रात्यक्षिकं झाली, तेव्हा मिग-२९के डोक्यावरून गेली आणि सगळा मालवण मान वर करून उभा होता. या विमानांचं घर गोव्यातला आयएनएस हंसा तळ. खारं वारं आपल्या गेटचं लोखंड सोडत नाही, ते विमानाला बरं सोडेल! किनाऱ्यावरच्या तळावर धुणं, गंज शोधणं, रंग खरवडून पुन्हा लावणं याला ओझरसारख्या कोरड्या ठिकाणापेक्षा जास्त हात लागतात. दोन्हीकडे सारखाच आकडा लिहिणारा माणूस नुसताच टेबलावर बसलेला असतो.

या विद्येतलं सगळ्यात न पटणारं कलम म्हणजे रिकामी बसलेली माणसं. बिघाड वेळापत्रक बघून होत नाहीत. अमेरिकी हवाईदलाने १९६०च्या दशकात रँड संस्थेबरोबर लॉजिस्टिक्स कॉम्पोझिट मॉडेल नावाची संगणकी नक्कल तयार केली. त्यात उड्डाणं, बिघाड, दुरुस्तीचे तास भरायचे आणि माणूस विमानासाठी थांबतो की विमान माणसासाठी, ते बघायचं. एखादा ट्रेड पूर्ण वेळ कामात गुंतलेला दिसला की हिशेबनीस खूश होतो. मी घाबरतो, कारण त्या ट्रेडच्या दारात विमानांची रांग लागणार. शांततेत थोडे हात मोकळे असतील, तरच युद्धात पुरतात.

ते नसले तर काय होतं, हे भुजने १९७१च्या डिसेंबरात पाहिलं. पाकिस्तानी बॉम्बहल्ल्यांनी धावपट्टी फुटली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. दुरुस्तीला पुरेसे मजूर तळावर नव्हते. जवळच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायकांनी ७२ तासांत धावपट्टी पुन्हा वापरण्याजोगी केली. मला त्या बायकांचा फार आदर आहे. म्हणूनच त्यांच्या धैर्यावर कुणी आस्थापनेचा तक्ता बेतू नये, असं वाटतं.

आता अग्निपथ. जून २०२२मध्ये योजना जाहीर झाली आणि अग्निवीर-वायूंची पहिली तुकडी बेळगावजवळच्या सांबऱ्यात घडली. आंबोली घाट चढलं की आपल्याला ते जवळच. मुलं चांगली आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण चार वर्षांतला बराच काळ शिकण्यात जातो, आणि एकट्याच्या जबाबदारीवर फॉर्म ७००वर सही करण्याइतका हात बसेपर्यंत जाण्याची वेळ येते. पूर्वी भरती होणारा वीस वर्षांच्या बोलीने यायचा. तक्त्यावर दोघेही एकेकच मोजले जातात, आणि माझं भांडण याच्याशीच आहे.

सप्टेंबर २०२५मध्ये मिग-२१ निवृत्त झालं आणि मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी २९ उरल्या, याची चर्चा वर्तमानपत्रांत भरपूर झाली. २०२६च्या अखेरीस पहिल्या अग्निवीरांची चार वर्षं भरतात. सध्याच्या नियमाने जास्तीत जास्त २५ टक्के राहतील. त्यांत इंजिनवाले किती, वेपनवाले किती, हा आकडा मी नव्या विमानांच्या बातमीआधी वाचणार आहे.