पंचाची खुर्ची

ज्यूरी म्हटले की मराठी माणसाला हटकून दोन खटले आठवतात. पहिला लोकमान्यांचा. १९०८ च्या जुलैत मुंबईच्या उच्च न्यायालयात नऊ जणांची ज्यूरी बसली होती; त्यांत सात युरोपियन आणि दोन पारशी. मते सातास दोन अशी पडली आणि टिळकांना सहा वर्षांची हद्दपारीची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. दुसरा खटला नानावटींचा. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या, आणि नऊ ज्युरींनी आठास एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, जन्मठेप झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती १९६१ मध्ये कायम केली. एका ज्यूरीने सोडायच्या माणसाला धरले आणि दुसरीने धरायच्या माणसाला सोडले, असा या दोन खटल्यांचा सारांश आमच्याकडे चहाच्या टपरीवर ऐकू येतो. टपरीवरचे निकाल नेहमीच झटपट लागतात. तिथे वकील नसतात.

नानावटी खटल्यानंतर ज्यूरी एका रात्रीत गेली असे मात्र झाले नाही. ती हळूहळू आटत गेली, आणि १ एप्रिल १९७४ पासून जी नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली तिच्यात ज्यूरीला जागाच उरली नाही. पारशी समाजाच्या विवाहविषयक न्यायालयांत पाच प्रतिनिधी बसतात, तेवढी एक खूण शिल्लक आहे. बाकी आपल्यासारख्या सामान्य माणसाने न्यायालयात जायचे ते वादी, प्रतिवादी, साक्षीदार किंवा आरोपी म्हणून. न्यायाधीशाच्या बाजूची खुर्ची आपल्यासाठी नाही.

माझी तरी तशी समजूत होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर एक दिवस तालुका विधी सेवा समितीचे पत्र आले. राष्ट्रीय लोकअदालतीत एका पॅनेलवर ‘सामाजिक कार्यकर्ता’ या नात्याने बसावे, अशी विनंती होती. मी पत्र मोठ्याने वाचून दाखवले. सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, “घरातला कोणता तंटा तुम्ही आजवर मिटवलाय?” प्रश्न बिनतोड होता. मी पत्राची घडी घालून ते खिशात ठेवले आणि ठरल्या शनिवारी इस्त्रीचा सदरा घालून निघालो.

लोकअदालतीची जन्मकथा थोडक्यात सांगतो. पहिली लोकअदालत १९८२ च्या मार्चमध्ये गुजरातेत जुनागढ जिल्ह्यातल्या उना येथे भरली. पुढे १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. तालुक्याच्या पॅनेलवर एक आजी किंवा माजी न्यायाधीश, आणि सोबत वकील व समाजातला एखादा माणूस. जो खटला तडजोडीने मिटण्याजोगा आहे तोच इथे यायचा. मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. त्यावर अपील नाही. हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे त्याचे काम आहे.

आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके, तळी, जंगल आणि जिकडे तिकडे धान. त्यामुळे आमची भांडणेही धानाच्या वेळापत्रकाने चालतात. रोवणीच्या दिवसांत पाण्यावरून, कापणीनंतर हिश्श्यावरून, आणि उन्हाळ्यात मोहफुलांवरून. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार आणि नाटके होतात, लेकी-जावई येतात. तेव्हा भांडणे जरा दम खातात.

पॅनेलवरच्या न्यायाधीशबाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. खुर्चीवर बसताच मी घसा खाकरून घेतला. चेहऱ्यावर थोडे न्यायाधीशपण आले असावे, कारण त्या हळूच म्हणाल्या, “गुरुजी, आपण इथे निकाल द्यायचा नाही. लोकांनी आपसांत ठरवायचे. आपण ऐकायचे आणि समजावायचे.” लोकअदालतीला निवाडा लादण्याचा अधिकार नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलेली आहे, हेही त्यांनी सांगितले. पस्तीस वर्षे मुलांना ‘चूक’ आणि ‘बरोबर’ अशा खुणा करण्यात गेलेल्या माणसाला हे जड गेले. हातात जणू लाल शाईची दौत दिली आणि टाक काढून घेतला!

पहिलेच प्रकरण मारहाणीचे. दोन शेजारी शेतकरी, मध्ये धुरा, धुऱ्यावर मोहाचे झाड. मोहफूल पहाटे गळते. जो लवकर उठेल तो टोपली भरून नेईल. एका पहाटे दोघेही लवकर उठले आणि मग काठ्याही उठल्या. दोघांच्या डोक्याला टाके, दोघांच्या फिर्यादी, तीन वर्षे तारखा. झाड कोणाचे, यावर दोन्ही वकिलांनी मोजणीचे नकाशे आणले होते. नकाशाप्रमाणे बुंधा एकाचा आणि फांद्यांचा मोठा पसारा दुसऱ्याकडे. आम्ही तिघेही नकाशावर वाकलो असताना मागे बसलेली एकाची म्हातारी आई म्हणाली, “मोहाले धुरा समजत नाई जी. एक दिवस यानं वेचा, एक दिवस त्यानं.”

सगळे गप्प झाले. तीन वर्षांत हे कोणाला सुचले नव्हते असे नाही. म्हातारीने ते घरी शंभरदा सांगितले असेल. पण घरी सांगणे वेगळे आणि न्यायाधीशांसमोर सांगणे वेगळे. तिथे तिच्या बोलण्याला कागद मिळाला. दिवसाआड वेचण्याचे ठरले, दोघांनी सह्या केल्या, आणि बाहेर पडताना एकाने दुसऱ्यापुढे खर्ऱ्याची पुडी धरली. आमच्या भागात याहून पक्का तह नाही.

असे सोपे प्रकरण पहिल्याच दिवशी मिळाले म्हणजे माणूस हवेत जातो. मला खाली आणले ते पुढच्या खेपेच्या एका अपघाताच्या दाव्याने. तेव्हा मला गोंदियाला जिल्हा न्यायालयात बसवले होते. अठ्ठावीस वर्षांचा मजूर रस्त्यावर गेला होता; मागे बायको, एक मूल आणि बाप. अशा दाव्यात भरपाईचे एक गणित असते. मृताचे उत्पन्न धरायचे, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा, आणि उरलेल्या वार्षिक रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने हे आकडे निश्चित झाले आहेत. सव्वीस ते तीस या वयाला सतरा. विमा कंपनीच्या वकिलाने सौम्यपणे हे समजावून सांगितले. माणूस सज्जन होता, त्याचे गणितही बरोबर होते. बापाने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “सतराच काहून जी? त्याचा आजा नव्वद वरसं जगला.”

मी गणित शिकवलेला माणूस. पण या प्रश्नाचे उत्तर मला देता येईना. शेवटी न्यायाधीशांनी त्याला सांगितले की, हा आकडा मुलाच्या आयुष्याची किंमत नाही. त्याच्या मागे राहिलेल्यांचे घर चालावे म्हणून केलेला हा अंदाज आहे. दावा लढला तर रक्कम थोडी वाढेलही, पण वर्षे जातील. सून मघापासून गप्प होती. ती म्हणाली, “पोराची शाळा आता हाय.” तिच्या त्या वाक्याने तडजोड झाली. रक्कम ठरली, अंगठे आणि सह्या झाल्या. त्या दिवशी मी डबा न उघडताच घरी आणला, आणि घरीही कोणी काही विचारले नाही.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. एका तालुक्याच्या गावी, दिवाळीच्या आधीच्या लोकअदालतीत ते आले. बहीण आणि भाऊ, दोघेच. आईबाप मागोमाग गेलेले. धानाची चार एकर जमीन. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नव्हते, तेव्हा कायद्याने दोघांचा वाटा सारखा. बहिणीने वाटणीचा दावा लावला होता. तडजोडीचा मसुदा वकिलांनी टाइप करूनच आणला होता. भावाने एक लाख रुपये द्यावे आणि बहिणीने जमिनीवरचा सगळा हक्क सोडावा.

भाऊ काही खलनायक नव्हता. वडिलांच्या आजारपणाचा खर्च त्याने केला होता, बहिणीच्या लग्नाचे कर्ज त्यानेच फेडले होते. उन्हातान्हात त्या बांध्यांत राबला होता तोही तोच. तो कळवळून म्हणाला, “सही कर न बाई, अन् यंदा भाऊबीजेले घरी ये. दोन वरसं झाले, तू आली नाईस.” बाईच्या डोळ्यांत पाणी आले. तिने पेन उचलले. दुपार टळून गेली होती, बाहेर अजून बरीच प्रकरणे थांबली होती, आणि आमच्या टेबलावर एक निकाली फाईल वाढणार होती.

मी विचारले, “बाई, या कागदात काय लिहिलंय ते तुम्हाला कोणी वाचून दाखवलं का?”

तिने मान हलवली. नाही. मी न्यायाधीशबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “वाचा गुरुजी, सावकाश वाचा.” मी चौथीच्या वर्गात धडा वाचावा तसा तो मसुदा वाचला. ‘हक्कसोड’ म्हणजे काय ते सांगितले. चार एकरांपैकी दोन एकर कायद्याने तिचे आहेत, हे न्यायाधीशबाईंनी सांगितले. आणि मग ते वाक्य, जे मी वाचकांना ध्यानात ठेवायला सांगितले होते: आज सही झाली की त्यावर अपील नाही.

बराच वेळ ती कागदाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “सही नाई केली तं तुमी रागवाल का जी?”

या प्रश्नाने माझ्या पोटात कालवले. आपल्यासमोर बसलेल्या माणसाला आपला धाक वाटतो, आणि त्या धाकापोटी तो आपले शेत सोडून द्यायला तयार होतो, हे मी प्रथमच पाहत होतो. आम्ही कोणी तिला दरडावले नव्हते. पण तीन खुर्च्या, एक टेबल, भिंतीवरचे घड्याळ आणि सगळ्यांच्या तोंडी ‘मिटवून टाका’ हा शब्द. एवढे तिला पुरेसे होते. न्यायाधीशबाई म्हणाल्या, “कोणी रागावणार नाही. सही तुमची आहे. करायची की नाही ते तुम्हीच ठरवायचं.”

तिने पेन टेबलावर ठेवले. भावाकडे वळून म्हणाली, “भाऊबीज का इकत घ्याची असते? मी यीन, पण कागदासाठी नाई.” भाऊ खाली मान घालून बसला. प्रकरण ‘तडजोड झाली नाही’ असा शेरा मारून न्यायालयाकडे परत गेले. संध्याकाळी मिटलेल्या प्रकरणांची बेरीज झाली तेव्हा त्यात ते नव्हते. माझ्या हिशेबी मात्र त्या दिवसाचे तेच खरे काम होते.

काही महिन्यांनी मला तिथल्या शिपायाकडून कळले की दोघांनी न्यायालयातच समझोता दाखल केला. एक एकर बहिणीच्या नावे झाली. ती भाऊच कसतो आणि दर हंगामाला तिला ठरलेले धान पोचवतो. कायद्याच्या मापाने तिला अजूनही कमीच मिळाले. पण तो कमीपणा तिने समजून-उमजून, सगळा कागद ठाऊक असताना पत्करला. ती भाऊबीजेला गेली की नाही, हे निकालपत्रात लिहिलेले नसते.

टिळकांच्या आणि नानावटींच्या ज्यूरीपाशी दोनच शब्द होते, दोषी आणि निर्दोष. आणि त्या शब्दांनी इतिहास घडला. आमच्या खुर्चीला तेवढीही ताकद नाही. सामान्य माणूस कायदेपंडितांपेक्षा शहाणा असतो म्हणून त्याला तिथे बसवावे, असेही मला वाटत नाही. नानावटींच्या ज्यूरीवर बाहेरच्या गाजावाजाचा परिणाम झाला असे पुष्कळजण म्हणतात, आणि आमच्यावर घड्याळाचा होऊ शकतो. पण ज्यांचे रोजचे काम कागदांशी असते त्यांना कागद वाचलेलाच वाटतो. ‘तुम्हाला हे कोणी वाचून दाखवलं का’ हा प्रश्न विचारायला कायद्याची पदवी लागत नाही. घाई नसलेला एक माणूस लागतो.

म्हणून तुमच्या घरी असे पत्र आले तर टाळू नका. आणि कागदावर सही करायची पाळी तुमचीच असेल, तर तो आधी मोठ्याने वाचून घ्या. भाऊबीजेच्या ताटापाशी समोर आलेला असला तरी. माझ्या सौभाग्यवती हल्ली मला घरातल्या तंट्यांतही पॅनेलवर घेतात. फक्त त्यांनीही पहिल्याच दिवशी बजावले आहे की, आपण ऐकायचे. निकाल द्यायचा नाही.