तळे एक, गिऱ्हाइके नाना तऱ्हेची

वाचकहो, विकतचे मासे आणून तळ्यात सोडायचे आणि तेच मासे गळाने धरायला लोकांकडून पैसे घ्यायचे, असा धंदा कुणी सांगितला तर आपल्याकडे लोक हसतील. पण इंग्लंडात हा धंदा शंभराहून अधिक वर्षांचा आहे. ब्रिस्टल शहराला पाणी मिळावे म्हणून सॉमरसेट परगण्यात ब्लॅगडनचा तलाव बांधला. त्यात ट्राउट मासा सोडून १९०४ साली तो गळ टाकणाऱ्यांना खुला केला. पुढे इतर तलावांवरही ही पद्धत गेली, आणि मग शेतकऱ्यांनी आपल्या रानात लहान तळी खणली.

माझा मुलगा त्याच भागात नोकरीला आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात मी तीन महिने त्याच्याकडे होतो. त्याच्या शेजारच्या शेतकऱ्याची अशी दोन तळी होती. जमीन खोलगट, बारमाही ओल, पीक धड येईना, म्हणून खणलेली. मुलगा दुभाष्या झाला, आणि शेतकऱ्याला शेतकरी भेटल्यावर बोलायला काय कमी?

तळ्यात बहुतेक इंद्रधनुषी ट्राउट. हा मासा मूळचा अमेरिकेच्या पश्चिम भागातला. त्याला गार आणि भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते. अंडी घालायला वाहते पाणी आणि वाळूखडी लागते, म्हणून साचलेल्या तळ्यात त्याची वीण होत नाही. जेवढे सोडाल तेवढेच. बोटुकली सोडली तर पाणकावळे फस्त करतात, म्हणून पाऊण-एक किलोचे तयार मासेच विकत आणायचे. हा झाला खर्च. आता तो भरून देणारी गिऱ्हाइके बघा.

एक येतो तो घरी कालवणाला मासा न्यायला. दिवस गेला आणि पिशवी रिकामी राहिली तर तो पुन्हा फिरकत नाही. दुसऱ्याला मासा खायचाच नसतो. पिसे आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी पाण्यावर टाकायची, हुशार मासा फसवायचा आणि परत सोडून द्यायचा, ह्यातच त्याचा आनंद. तिसरा एखादा अजस्र मासा मिळावा म्हणून वर्षभर खेपा घालतो. चौथा बाप, पोराला पहिल्यांदा घेऊन आलेला. त्याला लवकर एक तरी मासा लागला पाहिजे, नाहीतर पोर कंटाळते. आणि पाचवा म्हातारा, ज्याला काठावर सपाट जागा, बाक आणि जवळ गाडी हवी.

ह्या सगळ्यांना एकाच पाण्यात बसवले की भांडणे ठरलेली. सोडून देणारा म्हणे, “हे नेणारे तळे रिकामे करतात.” नेणारा म्हणे, “तुम्ही चार वेळा धरून सोडलेला मासा शहाणा होतो, मग आमच्या गळाला लागत नाही.” वाचकहो, दोघांचेही खरे होते.

शेतकऱ्याने दोन्ही तळ्यांचे नियम वेगळे केले. लहान तळ्यावर गांडुळाचे आमिष चालेल, पण तिकिटावर दोनच मासे. धरलेला मासा सोडायचा नाही, दुसरा मिळाला की गळ गुंडाळायचा. कारण आमिषाचा गळ मासा खोल गिळतो, तो सोडला तरी बहुधा मरतो. मोठ्या तळ्यावर फक्त खोटी माशी, गळाला उलटा काटा नको, आणि माशाला हात लावायचा तर आधी ओला करायचा. मासे एकदम न सोडता दर आठवड्याला थोडे थोडे सोडायचे, तेही एका जागी नव्हे, नाहीतर सगळी गर्दी तिथेच होते. त्यात चार-दोन मोठे मासे टाकायचे, तिसऱ्या गिऱ्हाइकाच्या आशेसाठी. आणि जाताना प्रत्येकाने वहीत लिहायचे, किती धरले, किती नेले. पुढच्या आठवड्यात किती मासे आणायचे ते ती वहीच सांगे.

खरी कसोटी जुलैत लागली. १९ जुलैला इंग्लंडात पारा प्रथमच ४० अंशांच्या वर गेला. पाणी वीस अंशांच्या वर तापले की ट्राउट धापा टाकतो. दमवून सोडलेला मासा मग सावरत नाही. शेतकऱ्याने मोठे तळे बंद केले आणि लहान तळे सकाळी दहापर्यंतच ठेवले. वर्षाचे पैसे भरलेले चिडले, त्यांना तेवढे दिवस पुढे वाढवून दिले. ऐन हंगामातले उत्पन्न गेले. तिकिटे फाडणारी त्याची बायको मला म्हणाली, “उघडे ठेवले असते तर चार पैसे मिळाले असते. पण मेलेले मासे तरंगताना पाहून परत कोण येईल?”

ट्राउट आपल्या मैदानी पाण्यात जगायचा नाही. आपले कटला, रोहू, मृगळ बरे. पण गावतळ्यावर आपल्याकडेही अशीच पाच तोंडे असतात. ठेकेदाराला वजन हवे, पोरांना गळ टाकायला कोपरा हवा, बायांना धुण्याचा घाट हवा, गुरांना पाण्याची वाट हवी, आणि भोई बांधवांना जाळे टाकायचा हक्क हवा. लिलाव मात्र एकाच बोलीवर होतो, आणि बाकीच्यांची आठवण तंटा झाल्यावर येते.

म्हणून सांगतो, पावसाळ्यात मत्स्यबीज सोडण्यापूर्वी एक संध्याकाळ पारावर बसा. कुणाला काय हवे ते विचारा. कोणता काठ कुणाचा, किती मासे धरायचे आणि पाणी आटले की कधी थांबायचे, हे ठेक्याच्या कागदातच लिहून घ्या. वहीही ठेवा, आणि ती चावडीवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवा.