मोटारीचा श्वास
आमच्या पुतण्याच्या वेगवान मोटारीसाठीं थोरल्या बंधूंनीं कापसाचे चार हंगाम खर्चीं घातले. आतां तो तींत तेल लावलेल्या सुती जाळीचा एअर फिल्टर बसवूं म्हणतो. कागदीपेक्षां या जाळींतून हवा मोकळी येते, हें खरें. परंतु त्याच वाटेनें बारीक धूळही अधिक शिरूं शकते, आणि ती पिस्टनच्या कड्या व सिलिंडरच्या भिंती झिजविते. २०२२ सालापासून टप्प्याटप्प्यानें खुला झालेला समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो, तेथें धूळ थोडी. पण आमच्या मळ्याची वाट मंठ्याकडची, वैशाखांत घोटाभर फुफाट्याची. शिवाय जाळी ठराविक काळानें धुऊन तीस बेतानें तेल लावावें लागतें. हें व्रत ज्यास पाळवणार नाहीं, त्यानें कागदीच घ्यावा व वेळेवर बदलावा. वाढलेली अश्वशक्ति क्वचितच जाणवते. झिजलेल्या इंजिनाचा भुर्दंड मात्र पुन्हां बंधूंच्या कापसावरच पडेल.